घर शारजात, काटा दारव्ह्यात

माझ्या घराचं फाटक उघडून आत आलं की उजव्या हाताला, जिथं पूर्वी जास्वंद होती, तिथं आता वजनकाटा आहे. लोखंडी, पोतं ठेवायच्या पाटाचा, लाल आकडे दाखवणारा. पोस्टमन येतो तो आधी त्यावर उभा राहून स्वतःचं वजन बघतो, मान हलवतो, आणि मग टपाल देतो. मी काही बोलत नाही. डॉक्टरांनी मला रागावायला मनाई केली आहे. डॉक्टरांचं काय जातं? त्यांच्या जास्वंदीला कोणी हात लावलेला नाही.

हे सगळं एका गुणी मुलीला शारजात दोन खोल्यांचं घर मिळावं म्हणून झालं. शारजा आणि दारव्ह्याच्या माझ्या अंगणात सोयाबीनचा काटा, यांचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारला होता. त्याचं उत्तर मला एका सनदी लेखापालानं दिलं, आणि तेव्हापासून मी गोळी घेतो.

मुलगी म्हणजे तमन्ना. माझा मित्र निजामुद्दीन याचं बसस्टँडमागे ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्याची ही थोरली. लहानपणी माझ्याच ओसरीवर बसून निबंध लिहायची. आता शारजात नर्स आहे, नवरा आसिम एसी दुरुस्त करतो, पदरात एक पोर. ते राहतात ती इमारत पाडायची ठरली आणि दिवाळीपर्यंत जागा खाली करा असं फर्मान निघालं. मागच्याच गल्लीत एक केरळी गृहस्थ कायमचे गावी परतत होते. त्यांना आपलं छोटंसं घर विकायचं होतं. तमन्नाशी घरोबा, म्हणून दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाले. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

तिच्याकडे काही रक्कम होती, बाकीची आम्ही तिघांनी घालायची ठरली: निजामुद्दीन, मी आणि पंजाबराव. पंजाबराव देशमुख हे निवृत्त तलाठी. घर आमचं, भाडं तमन्ना देणार, जमेल तसं घर सोडवून घेणार. तिचं छत होईल, आमची गुंतवणूक होईल. 'परदेशात गुंतवणूक' हे शब्द उच्चारल्यावर आम्ही तिघंही गॅरेजमधल्या ऑइलच्या डब्यांवर जरा ताठ बसलो.

एवढ्यात तिकडच्या दलालाचा निरोप आला. खरेदीदार व्यक्ती आहे की संस्था?

"व्यक्तीच," मी म्हणालो. "तिघांची नावं टाकू."

"तीन नावं?" पंजाबरावांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, तीन नावाच्या सातबाऱ्यापायी माही आख्खी नोकरी गेली. एक मेला का तिनाचे अकरा होते. मंग अकराजण भांडते. दोन खोल्या हाय त्या. मोरी कोनाची, गॅलरी कोनाची, हे मोजाले तलाठी शारजाले जाईन काय?"

"मंग काय करावं?" निजामुद्दीननं विचारलं.

"संस्था करा," पंजाबराव म्हणाले. "मानूस मरते. संस्था मरत नाई."

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं. मी ते वहीत टिपूनही ठेवलं. ते पान मी परवा फाडलं.

कोणती संस्था करावी हा प्रश्न गॅरेजच्या बाहेर पडला आणि दारव्ह्याला काम मिळालं. आमच्या गावात आजार सांगितला की तीन औषधं मिळतात, पण त्या पंधरवड्यात मला जेवढे कायदेशीर सल्ले मिळाले तेवढे कुठल्या मंत्र्याला मिळत नसतील. मेडिकलवाल्यानं खोकल्याचं औषध देता देता एलएलपी नावाची भागीदारी समजावली. "सर, यात जबाबदारी मर्यादित राह्यते. सगळं बुडालं तरी आपल्याले कोनी काही म्हनू शकत नाई." मी हे घरी येऊन आमच्या हंसाबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"थे तर तुमचं लग्नापासूनच हाय," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या माझ्याकडे सरकवल्या.

पंजाबरावांच्या जावयानं पुण्याहून कळवलं, हिंदू अविभक्त कुटुंब करा, करात फार सवलत. पंजाबराव धावत गॅरेजवर आले. निजामुद्दीननं शांतपणे ऐकून घेतलं, हातातला पाना खाली ठेवला.

"या कुटुंबात मी कोन?"

पंजाबराव तलाठी माणूस, वारसाच्या रकान्यात कोणालाही बसवायची सवय. पण इथं पेन अडलं.

"दत्तक घेता काय मले?" निजामुद्दीन म्हणाला. "घ्या. माही ना नाई. पन फरीदाले तुमीच सांगजा, का तुहा नवरा आता देशमुखाईच्या घरात गेला म्हनून."

फरीदा म्हणजे निजामुद्दीनची बायको. तिला सांगायची हिंमत पंजाबरावांत नव्हती, म्हणून अविभक्त कुटुंब तिथंच विभक्त झालं. मग कोणी ट्रस्ट सुचवला, कोणी पतसंस्था. हंसाबाई म्हणाल्या, "आमच्या बचत गटाच्या नावावर घ्या. आमचा गट इतक्या वर्षांत एकदाही फुटला नाई." मी हसलो. मोठ्यानं हसलो. ते हसणं मला किती महागात पडलं ते पुढे येईलच.

अखेर जाणकाराला विचारायचं ठरलं. यवतमाळात राजदीप नावाचा तरुण सनदी लेखापाल आहे, हुशार म्हणून ख्याती. आम्ही तिघं एसटीनं गेलो. त्याच्या कार्यालयात भिंतीवर कपाशीच्या बोंडाचं मोठं छायाचित्र होतं, कपाटावर ताडपत्र्यांचे गठ्ठे होते आणि कोपऱ्यात तुरीच्या डाळीची नमुन्याची पाकिटं. मला तिथंच उठून यायला हवं होतं.

"किती शेतकरी आहेत, काका?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"शेतकरी नाही. आम्हाला शारजात घर घ्यायचंय. कुठली संस्था करावी?"

"शेतकरी उत्पादक कंपनी," तो एका श्वासात म्हणाला.

आपल्या जिल्ह्यात कंपनी म्हटली की शेतकऱ्यांचीच, हे मला त्या दिवशी कळलं. त्या पोरानं आयुष्यात दुसऱ्या जातीची कंपनी काढलेलीच नव्हती. चाळीसेक काढल्या होत्या, सगळ्या सोयाबीन, तूर नाहीतर कापूस. साचा तयार होता. त्यानं गठ्ठ्यातून एक प्रत काढली आणि बोट ठेवलं. "हे बघा कलम. कंपनीच्या कामासाठी देशात वा परदेशात स्थावर मालमत्ता घेणे. यात शारजा येतं की नाही?"

"येतं," पंजाबराव म्हणाले. कलम दिसलं की पंजाबरावांचा विरोध मावळतो.

"दहा शेतकरी लागतील. तुमचा सातबारा?"

पंजाबरावांचं शेत होतं. निजामुद्दीनचं दिग्रस रोडला दोन एकर होतं. माझ्या नावावर एक स्कूटर होती.

"काकूंच्या नावानं काही?"

हंसाबाईंच्या नावानं त्यांच्या वडिलांनी दिलेलं तीन एकर होतं. राजदीपचा चेहरा खुलला. "मग काकू सभासद. तुमचे पैसे त्यांच्या नावानं टाकू. तुम्ही मुख्य कार्यकारी अधिकारी व्हा. त्याला तर सभासद नसलेलाच माणूस लागतो. तुम्ही अगदी नेमके बसता."

"म्हणजे नक्की मी कोण?" मी विचारलं.

"नौकर," पंजाबराव म्हणाले. इतक्या आनंदानं मी त्यांना निवृत्तीच्या समारंभातही बोलताना ऐकलं नव्हतं.

उरलेले सात शेतकरी निजामुद्दीननं गोळा केले. ज्यांचे ट्रॅक्टर त्याच्याकडे खोलून पडले होते त्यांना त्यानं सांगितलं, सही करा, मग जोडतो. अशा रीतीनं उकंडा, तुळसाबाई आणि आणखी पाचजण आंतरराष्ट्रीय गुंतवणूकदार झाले. कंपनीचं नाव ठेवलं 'तमन्ना ॲग्रो'. निजामुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडून तमन्नाचा फोन आला.

"काका, अब्बांनी माझ्या नावाच्या बोर्डाचा फोटो पाठवला. त्यावर सोयाबीनचं चित्र का आहे?"

"तांत्रिक बाब आहे बेटा," मी म्हणालो. "तू दलालाला सांग, संस्था झाली."

पहिली सभा आमच्या बैठकीत भरली. अध्यक्ष कोण, हा विषय निघाला. मी खाकरून खुर्चीत नीट बसलो, तर राजदीपनं आठवण करून दिली की मी सभासद नाही. तुळसाबाईंनी हंसाबाईंचं नाव सुचवलं, उकंडानं हात वर केला, एकमतानं ठराव झाला. अध्यक्षीय भाषणात हंसाबाई एवढंच म्हणाल्या, "साहेब, पाहुन्याईले चहा सांगा." साहेब म्हणजे मी. चहा मीच केला.

त्यानंतर आठवडाभरात कृषी खात्याची जीप दारात उभी राहिली. आतून उतरलेले अधिकारी हसतमुख होते, हातात पुष्पगुच्छ होता. "परदेशात मालमत्ता घेण्याचं उद्दिष्ट प्रत्यक्ष ठरावात घेतलेली जिल्ह्यातली ही एकमेव कंपनी!" ते म्हणाले. मी घराबद्दल सांगायला लागलो. "गोदाम ना? हो हो, शारजात गोदाम. फार दूरदृष्टी आहे, सर." त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. चार दिवसांनी खात्याकडून वजनकाटा आला. पाठोपाठ ओलावा मोजायचं यंत्र आलं. जास्वंद गेली. मला 'सोयाबीनमधील आर्द्रतेचे व्यवस्थापन' या विषयावरच्या प्रशिक्षणाला बसवलं, आणि परत आलो तेव्हा माझ्या हातात प्रमाणपत्र होतं. सदतीस वर्षं मी महाविद्यालयात अलंकार शिकवले, कोणी प्रमाणपत्र दिलं नाही.

आता पैसे पाठवायचे राहिले होते. निजामुद्दीन आणि मी बँकेत गेलो. परदेशी व्यवहाराच्या टेबलावरच्या मॅडमनी कागद वाचले, पुन्हा वाचले, चष्मा काढला.

"शेतकऱ्यांच्या कंपनीला शारजात दोन खोल्या कशाला हव्यात?"

"राहायला," निजामुद्दीन म्हणाला.

"कोण राहणार? सोयाबीन?"

मी माझ्या आवाजातली सर्व सभ्यता एकवटून कलम दाखवलं. मॅडम म्हणाल्या, कंपनीचे पैसे असे बाहेर जात नसतात, त्याचे नियम वेगळे, मागच्या वर्षांचे ताळेबंद लागतात. आमच्या कंपनीला मागची वर्षंच नव्हती. मग त्या सहज म्हणाल्या, "तुम्ही आपापल्या नावानं का नाही पाठवत? पॅन कार्ड असलेला कोणीही पाठवू शकतो. एक अर्ज असतो."

माझ्या डोक्यात काहीतरी तापलेल्या तव्यासारखं चरचरलं. "एक अर्ज?"

"एक. पण आता पैसे कंपनीच्या भांडवलात गेले ना? तिथून ते असे काढता येत नाहीत."

समोरच्या बसस्टँडवर येऊन मी राजदीपला फोन लावला. तिथली गर्दी मागे सरकली इतक्या मोठ्यानं मी बोललो. माझ्या भाषेतले बरेचसे शब्द मी विद्यार्थ्यांना वर्ज्य म्हणून शिकवले होते. तो पोरगा शांत होता.

"काका, तुम्ही मला विचारलं, संस्था कोणती करावी. घर कसं घ्यावं हे विचारलंच नाही."

निजामुद्दीन बाकावर बसला होता. मी शिव्या देताना तो एकदाही हसला नाही, म्हणून माझा राग एकदम जड झाला. "मास्तर," तो म्हणाला, "पोरीनं सामान बांधाले घेतलं बावा. आता तिले काय सांगू?"

मी त्याला सांगितलं, मार्ग काढू. रागावलेला माणूस असं बोलतो. मार्ग माहीत नव्हता.

दरम्यान हंगाम कोणासाठी थांबत नव्हता. सोयाबीन निघालं होतं. बाजारात भाव पडलेले, आणि तालुकाभर बातमी पसरली होती की मास्तरांची कंपनी माल शारजाला पाठवते, तिकडे दुप्पट दर आहे. उमरखेडहून फोन यायला लागले. झरी जामणीहून एक गृहस्थ फक्त काटा बघायला आले, चहा घेऊन गेले. एका सकाळी फाटकासमोर ट्रॉल्यांची रांग लागली आणि सगळ्यात पुढे उकंडा.

"साहेब, काटा कवा लावता?"

"अरे, आम्ही सोयाबीन घेत नाही!"

"मंग हे काय हाय?" त्यानं काट्याकडे बोट केलं. "आन थे बोर्डावर?"

मी आत जाऊन अध्यक्षांना तक्रार केली. अध्यक्षांनी तातडीची सभा घेतली, स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. तुळसाबाई म्हणाल्या, "पैसा बँकेत पडून राह्यला, माल दारात हाय. काहून नाई घ्यावं?" मी विरोध केला. माझा विरोध नोंदवता येत नव्हता, कारण नोकराला मत नसतं. खरेदीचा ठराव झाला. दोन दिवस मी उन्हात उभा राहून पोती मोजली आणि आमचे तिघांचे पैसे तमन्नाच्या घराऐवजी सोयाबीन होऊन माझ्या बैठकीत, ओसरीत आणि पलंगाखाली जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी राजदीपचा फोन. आवाजात विजय. "काका, मार्ग सापडला! कंपनी सभासदाला कर्ज देऊ शकते. निजामुद्दीन चाचांना द्या. ते स्वतःच्या नावानं पाठवतील. खात्यात पैसे आहेत ना?"

मी फोन हळूच खाली ठेवला. माझ्या पायाशी सोयाबीनचं पोतं होतं. त्याला मी लाथ मारली. पायाचा अंगठा सुजला. पोत्याला काही झालं नाही.

दिवाळी आठवड्यावर आलेली. तमन्ना रोज फोन करत होती आणि निजामुद्दीन रोज तिला 'काम चालू हाय बेटा' सांगत होता. माल विकला तरच पैसे सुटणार होते. तेलगिरणीचा माणूस आला, त्यानं पोत्यात हात घातला, दाणे चावून पाहिले आणि म्हणाला, ओलं आहे, घेत नाही. मी माझं यंत्र लावलं. प्रमाणपत्र असलेला माणूस म्हणून सांगतो, ओलं होतं.

मग मी कॉलनीत जे केलं ते आयुष्यात केलं नव्हतं. घराघरात जाऊन गच्च्या मागितल्या. ज्यांनी ज्यांनी संस्था सुचवली होती त्या सगळ्यांच्या गच्च्या मी हक्कानं घेतल्या. मेडिकलवाल्याच्या गच्चीवर सोयाबीन, पंजाबरावांच्या गच्चीवर सोयाबीन, बचत गटातल्या प्रत्येक बाईच्या गच्चीवर सोयाबीन. दारव्ह्याच्या आकाशातून कोणी पाहिलं असतं तर गाव पिवळं दिसलं असतं. पंजाबराव फावडं घेऊन दाणे उलथत होते आणि कोणत्या गच्चीवर किती पोती याचा फेरफार तोंडी सांगत होते. फरीदा आणि हंसाबाई कबुतरं हाकलत होत्या. मी धोतर खोचून, सुजलेला अंगठा घेऊन, सगळ्यांवर ओरडत होतो. ओरडण्यानं सोयाबीन वाळत नाही, पण ओरडणाऱ्याला बरं वाटतं.

"मास्तर, जरा कमी ओरडा ना," निजामुद्दीन म्हणाला.

"का?"

"कबुतरं घाबरत नाई, मी घाबरून राह्यलो."

तिसऱ्या संध्याकाळी यंत्रानं माझ्या मनासारखा आकडा दाखवला. गिरणीनं माल उचलला. पदरात चार पैसे जास्तच पडले, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्याबद्दल माझं कोणी अभिनंदन केलेलं नाही. हंसाबाईंनी कर्जाच्या कागदावर सही केली. सही करण्याआधी त्यांनी निजामुद्दीनला विचारलं, "कर्ज कायसाठी?"

"वयनी, तुमाले तर माहीत हाय."

"माहीत हाय. पन अध्यक्ष म्हनून विचारून राह्यली."

आमचेच पैसे आम्हीच आम्हाला व्याजानं दिले आणि आम्ही तिघं बँकेत गेलो. मॅडमनी एक अर्ज पुढे केला. खरोखरच एक. निजामुद्दीननं भरला. तेवढ्यात तिकडून दलालाचा फोन आला. कागद तयार आहेत, मालक समोर बसलेत, फक्त रकाना रिकामा आहे. खरेदीदाराचं नाव काय?

निजामुद्दीननं माझ्याकडे पाहिलं. आम्हा तिघांचं? त्याचं एकट्याचं? कंपनीचं? पंजाबरावांनी तोंड उघडलं. "मास्तर, मले वाटते का पह्यले वारसाचा विचार..."

मी बँकेत होतो हे विसरलो. डॉक्टर विसरलो. "तमन्नाचं नाव टाक!" मी ओरडलो. "जी राहणार तिचं! दुसरं कोणाचं टाकतोस? टाक म्हणतो ना!"

शिपाई धावत आला. रांगेतले लोक वळून बघायला लागले. निजामुद्दीननं फोनमध्ये एकेक अक्षर सावकाश सांगितलं, तमन्ना निजामुद्दीन, आणि मग फोन छातीशी धरला. पंजाबराव म्हणाले, "मंग आपली गुंतवनूक?" पण त्या दिवसापुरतं त्यांना कलम सापडलं नाही.

दिवाळीच्या दिवशी तमन्नानं फोनवर घर दाखवलं. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत कुंडी. "काका, ही जास्वंद आहे," ती म्हणाली. "अब्बांनी सांगितलं, तुमची गेली म्हणून." माझा राग एवढ्यानं जाईल असं तिला वाटलं असावं. तसा तो थोडा गेलाही होता, पण मी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य कार्यकारी अधिकारी पदाचा राजीनामा लिहिला. शुद्ध, संयमित भाषेत, तीन परिच्छेद. घर झालं आहे, संस्थेचं प्रयोजन संपलं आहे, सबब कंपनी बंद करावी, काटा न्यावा, ही विनंती. मी तो राजदीपलाही दाखवला. तो म्हणाला, काका, कंपनी काढायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट बंद करायला लागतो, आणि तोवर दरवर्षी लेखापरीक्षण. पंजाबराव शेजारीच बसले होते. संस्था मरत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलं.

राजीनामा अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला. हंसाबाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, तिसऱ्या परिच्छेदाचं कौतुक केलं आणि खाली एका ओळीत शेरा मारला.

'नामंजूर. तूर येऊन राह्यली.'